पडक्या घुमटाची डागडुजी : वाचकांचे प्रश्न

गावाच्या वेशीबाहेर, शेताच्या बांधाला किंवा कब्रस्तानाच्या कोपऱ्यात उभा असलेला, कोणाचा म्हणून कोणालाच ठाऊक नसलेला घुमट दख्खनच्या अनेक तालुक्यांत आढळतो. बहमनी, निजामशाही, फारुकी, आदिलशाही काळातल्या या कबरींपैकी थोड्याच सरकारी यादीत आहेत. बाकीच्या ऊन-पावसाच्या हवाली. त्यांच्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं जुन्या बांधकामांच्या संवर्धनात काम करणाऱ्या मंडळींची.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर निजामशाहीतला म्हणतात असा घुमट आहे. भोवती झाडोरा आणि दगडमातीचा ढीग. मंडळाने श्रमदान ठरवलंय, एकजण जेसीबी फुकट द्यायला तयार आहे. परवानगी लागेल का? — एक वाचक, पारनेर तालुका

जेसीबीला आधी नाही म्हणा. तो ढीग तुम्हाला कचरा वाटतो, पण छज्ज्याचे तोडे (खालून आधार देणारे दगड), पन्हळी, कंगोऱ्यांचे (छताच्या कडेवरच्या नक्षीदार दातऱ्यांचे) तुकडे वरून पडून त्यातच गाडले गेलेले असतात. शिवाय पायाची माती वाहून गेलेली असेल तर चौथऱ्याचा कोपरा त्या ढिगावरच टेकलेला असतो. ढीग काढला की कोपरा बसतो. भोवताली खूण न उरलेल्या कबरीही असतात. बकेटचा एक दात लागला तर पुढचं भांडण गावाला पुरून उरेल.

परवानगीचं म्हणाल तर आधी वास्तू कोणाची ते शोधा. केंद्राच्या यादीत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ (सर्कल) कार्यालयाच्या परवानगीशिवाय दगडही हलवता येत नाही. महाराष्ट्रात मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर अशी ही कार्यालयं आहेत. १९५८ च्या कायद्याखाली अशा स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाभोवतीचा १०० मीटरचा पट्टा बांधकामाला बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. राज्याच्या यादीत असेल तर १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू होतो आणि अर्ज राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांकडे जातो. दोन्ही याद्यांत नसेल तर तलाठ्याकडून सातबारा काढा, वक्फ मंडळाकडची नोंद पाहा आणि मुजावर किंवा विश्वस्त असतील तर त्यांच्यासमोर बसून बोला. त्यांच्या लेखी होकाराशिवाय फावडं उचलू नका. काम कितीही चांगलं असलं तरी दुसऱ्याच्या पूर्वजांच्या कबरीवर ते न विचारता होत नाही.

होकार मिळाला की श्रमदानात करण्याजोगं बरंच असतं. गवत उपटू नका, घोट्याएवढं ठेवून कापा. मुळं उपटली की सांध्यांतला चुना सोबत निघतो. प्लॅस्टिक, बाटल्या, चिंध्या वेचा. ढीग घमेल्याने, वरून खाली, थराथराने उतरवा. घडीव दगड दिसला की थांबायचं. चौथऱ्याचे दोन पक्के कोपरे ठरवून त्या दोन्हींपासून दगडाचं अंतर टेपने मोजायचं, दगडाला क्रमांकाची चिठ्ठी बांधायची, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा, मग बाजूला सावलीत लाकडी फळ्यांवर ठेवायचा. ऑइलपेंटने दगडावर आकडे घालायचा मोह टाळा, ते पुढे निघत नाहीत.

प्रश्न : घुमटाच्या बुडाशी मनगटाएवढ्या खोडाचा पिंपळ आहे. दरवर्षी तोडतो, दरवर्षी दुप्पट जोमाने येतो. मुळात मीठ किंवा ॲसिड ओतलं तर? — एक वाचक, शिरपूर तालुका

तोडल्याने पिंपळ मरत नाही, उलट मुळं आणखी आत शिरतात. दरवर्षीच्या छाटणीने तुम्ही त्याला खोड न वाढवता मुळं वाढवायला शिकवलंय. मीठ तर अजिबात नको. ते पाण्यात विरघळून भिंतीत पसरतं आणि पुढची कैक वर्षं लोणा (क्षारांची पांढरी पूड) होऊन बाहेर येत राहतं. ॲसिड चुना खातं. झाड मरायच्या आधी सांधा मोकळा होतो.

पद्धत अशी. पावसाळा संपल्यावर, झाडात रस चालू असताना, खोड भिंतीपासून १५-२० सेंटिमीटर ठेवून कापायचं. फांद्या ओढायच्या नाहीत, दोर बांधून तुकड्यातुकड्याने उतरवायच्या. राहिलेल्या बुंध्यात वरून खाली तिरकी, १०-१२ मिलिमीटर जाडीची आणि ५ ते ८ सेंटिमीटर खोल अशी चार-पाच भोकं पाडायची, सगळी सालीजवळच्या ओल्या लाकडात. त्यांत ग्लायफोसेट भरून, कापलेल्या तोंडालाही ब्रशने लावून, भोकं चिकणमातीने लिंपायची आणि वर प्लॅस्टिक बांधायचं. हे कापल्यापासून काही मिनिटांत झालं पाहिजे. तोंड सुकलं की झाड औषध ओढत नाही, आणि निम्म्याहून जास्त अपयश इथेच येतं. हे तणनाशक वापरण्यावर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंध आणले आहेत, तेव्हा परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच करून घ्या. खाली विहीर किंवा आड असेल तर फवारणी मुळीच नको.

मग दोन-तीन महिने थांबा. बुंधा ठोकल्यावर कोरडा वाजला आणि नवे कोंब नसले की झाड मेलं. नवा कोंब आला तर पुन्हा भोक, पुन्हा औषध. यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात : मेलेलं मूळ आतच सोडून वरून चुना भरतात. मूळ कुजतं, पोकळी होते, पावसाचं पाणी थेट भिंतीच्या गाभ्यात उतरतं. या भिंती एकसंध नसतात. बाहेर-आत घडीव दगडाचे दोन पदर आणि मध्ये डबर-चुन्याची भर. गाभ्यात पाणी मुरलं की भर फुगते आणि बाहेरचा पदर सुटून पोट काढतो. म्हणून मुळाने उचललेले दगड क्रमांक घालून उतरवा, मूळ जमेल तितकं सोडवून काढा, पोकळी चुन्याने आणि दगडकपच्यांनी भरा आणि तेच दगड त्याच जागी बसवा. जे मूळ ओढल्यावर दगड हलतो, ते तिथेच कापून ठेवलेलं बरं.

मनगटाएवढ्या खोडाला हे चालतं. मांडीएवढं खोड झालं असेल तर कधीकधी झाडच भिंत धरून असतं. तिथे आधी लाकडी धिरे, मगच कुऱ्हाड.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी छतावर सिमेंटचा कोबा घातला, बाहेरून सिमेंटने दर्जा (दगडांमधले सांधे) भरल्या. तरी आत ओल आहेच, उलट पांढरी बुरशी येऊन दगडाचे पापुद्रे सुटतात. गवंडी म्हणतो आणखी एक वॉटरप्रूफिंगचा थर द्या. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

ती बुरशी नाही, लोणा आहे. बोटाने पुसून पाहा. बुरशी बोटाला लागते, वास येतो. क्षारांचे स्फटिक चुरचुरतात आणि पाण्यात विरघळतात. आणखी थर दिलात तर रोग झाकला जाईल आणि वाढेल.

चुन्याची भिंत ओल घेते आणि सांध्यांवाटे सोडते. सिमेंटने सांधे बंद झाले की आत गेलेल्या ओलीला बाहेर यायला दगडाचाच पृष्ठभाग उरतो. ओलीबरोबर क्षारही तिथेच येतात, पाणी उडून जातं, क्षारांचे स्फटिक दगडाच्या कातडीखाली वाढतात आणि कातडी ढकलून देतात. सिमेंट स्वतःही विरघळणारे क्षार सोडतं, म्हणजे आगीत तेल. पुन्हा ते ताठ असतं. दुपारी तापून रात्री निवणारा घुमट रोज किंचित हलतो; चुना ती हालचाल पचवतो, सिमेंटचा थर तडकतो. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जातं, पण कोबा खालून सुटलेला असल्याने बाहेर पडत नाही. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यावर आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाने काम केलं तेव्हा विसाव्या शतकात छतावर चढवलेलं सुमारे १० लाख किलो काँक्रीट हाताने उतरवावं लागलं. ते कोणी वाईट हेतूने घातलं नव्हतं. दर गळतीला एक थर, इतकंच.

काढताना ब्रेकर नको. छिन्नी-हातोडी, आणि सांध्यात आधी मधोमध चर पाडून मग कडेचं सिमेंट आत पाडायचं. कडेपासून सुरुवात केली की दगडाची धार उडते. जिथे सिमेंट दगडाला इतकं चिकटलंय की दगडच तुटेल, तिथे ते राहू द्या. सांधा रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिलिमीटर खोल मोकळा करून धुळीचा कण न ठेवता ओला करून भरायचा.

आता चुना. पिशवीतली रंगाची चुनापूड या कामाला नको. भट्टीची चुनकळी (न विरवलेला चुना) आणा. मोठ्या टाकीत आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी चुनकळी. उलटं केलंत तर उकळतं पाणी अंगावर उडतं. चष्मा, हातमोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय हात घालू नका. वजनाच्या अडीच-तीन पट पाणी लागतं. ढवळून, तीन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून, लगद्यावर सतत चार बोटं पाणी राहील असा किमान महिनाभर मुरवा; तीन महिने मुरला तर उत्तम. न विरलेली कणी राहिली तर ती भिंतीत विरते आणि गिलाव्यावर फोड येऊन सांडते.

प्रमाण पुस्तकातून उचलू नका, जुन्या चुन्यालाच विचारा. वास्तूतूनच सुटलेला शंभर ग्रॅम चुना कुटून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाका. चुना फसफसून विरघळेल, तळाला वाळू आणि विटांचा भुगा राहील. धुऊन, वाळवून वजन करा आणि दाण्यांचा आकार पाहा. वाळूत चुनखडीचे खडे असतील तर तेही विरघळतात आणि चुना आहे त्याहून जास्त भासतो, तेव्हा आधी भिंगातून बघा. दर्जांसाठी एक भाग चुना, एक भाग सुर्खी (विटांचा भुगा) आणि एक ते दीड भाग धुतलेली वाळू इथून सुरुवात करून नमुने लावा. सुर्खी कमी भाजलेल्या विटांची हवी. झांव्यासारख्या जळक्या विटेचा भुगा चुन्याशी जमत नाही. चुना दळायच्या घाणीत किंवा पाट्यावर जितका घोटाल तितका बरा. मिश्रण थापीला चिकटून राहावं, ओघळू नये.

छतावर चुन्याचा कोबा : २०-२५ मिलिमीटरच्या विटांच्या तुकड्यांचे १०० भाग आणि चुन्याच्या मिश्रणाचे ४० ते ५० भाग. पन्हळीकडे दर मीटरला दोन ते अडीच सेंटिमीटर उतार ठेवून १० सेंटिमीटरचा थर पसरायचा आणि लाकडी थापीने धोपटायचा, किमान तीन-चार दिवस, थापी उसळी घेईपर्यंत. धोपटताना १०० लिटर पाण्याला सुमारे तीन किलो गूळ आणि दीड किलो बेलफळ उकळून केलेलं पाणी शिंपतात. धोपटणी हा कंटाळवाणा भाग आहे, म्हणून ठेकेदार तोच चोरतो, आणि पहिल्या पावसात ते कळतं. नंतर दहा-चौदा दिवस ओली पोती. मेच्या उन्हात हे काम करू नका; पाणी उडून चुना पिठासारखा राहतो. दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत आटोपलं की पावसाआधी चुन्याला आवळायला वेळ मिळतो.

कोब्याइतकंच लक्ष पन्हळींकडे द्या. बाहेरून ८ मीटर चौरस असलेल्या कबरीवर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला की ३,२०० लिटर पाणी पडतं. दोन पन्हळी बुजलेल्या असतील तर ते सगळं भिंतीत जाणार.

लोणा आलेली भिंत धुऊ नका, क्षार परत आत जातात. आधी गळती बंद करा, भिंत सुकू द्या, मऊ कोरड्या ब्रशने झाडून क्षार गोळा करून बाहेर टाका. मग कागदाचा लगदा आणि शाडू शुद्ध पाण्यात कालवून १५-२० मिलिमीटरचा लेप द्या. पूर्ण सुकला की स्वतःहून सुटतो, क्षार घेऊन. दोन-तीन वेळा करावं लागतं. पापुद्रे फार सुटत असतील तिथे लेप नको; चुन्याचा पातळ, मऊ गिलावा लावा आणि तो खराब झाला की बदला. दगडाऐवजी गिलावा झिजावा यासाठीच तो असतो.

प्रश्न : घुमटाला बुडापासून वर जाणाऱ्या तीन-चार उभ्या भेगा आहेत. पडेल का? — एक वाचक, अहिल्यानगर

भेग बुडाशी रुंद आणि वर जाऊन मिटत असेल तर ती घुमटांची नेहमीची भेग आहे. अर्धगोल घुमटात माथ्यापासून साधारण ५२ अंशांपर्यंतचा भाग स्वतःच्या वजनाने आवळलेला असतो. त्याखालचं कडं बाहेर पसरू पाहतं, आणि चुन्याला ताण सोसत नाही. अशा भेगा घेऊन घुमट शेकडो वर्षं उभे राहतात. चिंता करायची ती भेग वाढतेय का याची. काळ्या मातीवरच्या पायाला पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात आकसणं चालूच असतं, त्यामुळे दोन महिन्यांच्या निरीक्षणावरून काहीच ठरत नाही.

भेगेवर आडवी, एक मिलिमीटर जाडीची काचपट्टी दोन्ही टोकांना चुन्याने चिकटवा, तारीख लिहा. नक्षी किंवा रंग असलेल्या जागी लावू नका. काच तुटली म्हणजे हालचाल आहे. किती ते कळायला भेगेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या ठिपक्यावर बारीक फुली कोरून दर महिन्याला, सकाळी ठरावीक वेळी, व्हर्नियर कॅलिपरने अंतर मोजा. बारा महिन्यांनी आकडा मूळ जागी परतला तर हालचाल ऋतूंची. परतला नाही, किंवा भिंत ओळंब्यातून बाहेर चाललीय, किंवा कमानीचा माथ्याचा दगड खाली सरकलाय, तर आत माणसांची ये-जा बंद करा आणि संवर्धनाचा अनुभव असलेला संरचना अभियंता आणा. बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसं घुमटाच्या बुडाला कडं घालणं हा उपाय आहे, पण तो हिशेब केल्यावरचा.

स्थिर भेग भरायला चुन्याचा लगदा आणि कपडछान सुर्खी समभाग, दुधाइतकं पातळ. भेगेचं तोंड चुन्याने बंद करताना दर ३०-४० सेंटिमीटरवर नळी ठेवा, आतून पाण्याने धुवा आणि खालच्या नळीपासून नरसाळ्याने भरा. वरच्या नळीतून बाहेर आलं की खालची बुजवा. नरसाळं भरायच्या जागेपासून मीटरभरापेक्षा उंच नको, आणि एका दिवसात मीटरभर उंचीपेक्षा जास्त भरू नका; ओल्या भरीचा दाब बाहेरचा पदर ढकलतो. इपॉक्सी नको. ते भेग इतकी घट्ट चिकटवतं की पुढची भेग शेजारच्या धड दगडातून जाते.

प्रश्न : आतल्या भिंतींवर चुनकामाचे थर आणि हिरवा ऑइलपेंट आहे. एका ठिकाणी खाली निळं काही दिसतं. दारावर फारसी लेख आहे, खडू घासून वाचता येईल का? — एक वाचक, नांदेड

खडू, हळद, तेल, काही घासू नका. कण अक्षरांच्या खाचेत बसतात आणि ओल धरतात. अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून एका कडेने प्रकाश पाडा, अक्षरं सावलीने उठतात. डावी, उजवी, वर, खाली असे चार फोटो काढा. पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा नागपुरातच आहे. मोजमाप आणि फोटो तिथे पाठवा. ठसा घ्यायचं काम त्यांचं.

निळ्या भागाला घाईने हात लावू नका. ती रंगवलेली नक्षी असू शकते, चिनी मातीची फरशीही. बीदरजवळ अष्टूरला अहमदशाह बहमनीच्या कबरीत आतून रंगकाम आहे, आणि बीदरच्याच महमूद गावानच्या मदरशावर रंगीत फरशा. नखाएवढ्या जागी, बांबूच्या चपट्या काडीने, कोरडा चुना थराथराने उचलून पाहा. खालचा रंग काडीला लागत असेल तर तिथेच थांबा आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रासायनिक शाखेला कळवा. ऑइलपेंट काढायला सॅंडब्लास्टिंग किंवा कॉस्टिक सोडा सुचवणाऱ्याला वाटेला लावा. सोड्याचे क्षार भिंतीतच राहतात. उदबत्ती-दिव्यांच्या काजळीसाठी तूर्त एवढंच : दिवे भिंतीपासून दूर, दगडी किंवा धातूच्या तबकात.

प्रश्न : गुप्तधनाच्या नादाने कोणीतरी कबर खणली आहे. दगड इकडेतिकडे पडलेत. — एक वाचक, बीड जिल्हा

पोलीस पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका. दिसणारी कबर बहुधा वरची खूण असते. दफन खाली, उत्तर-दक्षिण. धनाच्या आशेने खणणाऱ्याला तिथे हाडांखेरीज काही मिळत नाही. काही सापडलंच तर १८७८ च्या निखात निधीच्या (पुरलेल्या धनाच्या) कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. दहाचा आकडा तेव्हापासून तसाच आहे. पंचनाम्यानंतर खड्डा चाळलेल्या मातीने, १५ सेंटिमीटरच्या थरांनी ठोकून भरा आणि विश्वस्तांच्या उपस्थितीत दगड बसवा. कोणता दगड कोणत्या कबरीचा हे ठरवताना वरची खूण उपयोगी पडते : उंचवट्याचा कलमदान बहुधा पुरुषाच्या कबरीवर, सपाट तख्ती स्त्रीच्या.

प्रश्न : कळस आणि निम्मे कंगोरे नाहीत. नवे बसवावेत का? — एक वाचक, धुळे

कंगोरे शिल्लक असतील, तर त्यांच्यावरून साचा घेऊन गहाळ जागा भरता येतात, जिथे कंगोरा नसल्याने पाणी आत येतं तिथे तर भराच. नव्या दगडाच्या मागच्या बाजूला बसवल्याचं साल कोरा. जोडायला लोखंडी पट्टी नको, गंजून फुगते आणि दगड फोडते. तांबं किंवा ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील वापरा. कळसाचा जुना फोटो किंवा तुकडा नसेल तर कल्पनेने घडवू नका. त्याचं भोक मात्र उघडं ठेवू नका, तिथून पाणी थेट घुमटाच्या पोटात उतरतं. चुना-सुर्खीने उताराची टोपी करून बंद करा, वीजरोधकाची तांब्याची पट्टी लावायची असेल तर तिची खीळ आताच त्या चुन्यात बसवून घ्या. पट्टी घुमटावर खिळे ठोकून नको, सांध्यातल्या पितळी आकड्यांवरून खाली आणा आणि जमिनीत उतरवताना कबरींपासून लांब न्या.